झोपते तिथी, राह्यते इथी

आमच्या कॉलनीत एक गृहस्थ आहेत. मुलगा परदेशात, मोठ्या पगारावर. मागच्या निवडणुकीच्या वेळी त्यांनी मला भाजीच्या गाडीपाशी गाठलं. म्हणाले, "लोणारेबाई, तुम्ही निवडणूक शाखेत होत्या ना? आता परदेशातल्या नागरिकांचं नाव यादीत घेतात म्हणे. चांगलं आहे. पण मत द्यायला माणसानं स्वतः आपल्या गावच्या केंद्रावर यायचं! कोण शहाणा एका मतासाठी विमानाचं तिकीट काढेल?"

मी म्हटलं, "एक शहाणी होती. आणि तेव्हा ही नाव घेण्याची सोयसुद्धा नव्हती."

ते हसले आणि वांगी निवडायला लागले. माझी थट्टा करायची सवय कॉलनीभर माहीत आहे, तेव्हा त्यांचाही दोष नाही. पण मला राग आला आणि तो घरी येईपर्यंत उतरला नाही. यंदा अंकाच्या संपादकांनी "नोकरीतलं काही लिहा" म्हटलं, तेव्हा त्या शहाणीचं, शालूचंच लिहायचं ठरवलं.

मी तहसीलमध्ये कारकून म्हणून लागले आणि नायब तहसीलदार होऊन बाहेर पडले. मूल, सावली, कुरखेडा, कुठे किती वर्षं काढली ते माझ्या सर्व्हिस बुकात आहे, ते तिथेच राहू द्या. निवडणूक म्हटली की लोकांना मतदानाचा दिवस आठवतो. पेट्या, शाई, पोलीस, जीपगाड्या. अहो, तो तर लग्नाचा दिवस. त्याआधीची सोयरीक, याद्या, रुसवेफुगवे आम्ही कारकून लोक निस्तरत असू. शिक्षक आणि तलाठी घरोघर जाऊन नावं लिहीत. त्याची कच्ची यादी निघे, ती चावडीवर मोठ्यानं वाचून दाखवत. ज्याचं राहिलं त्यानं दावा करायचा, ज्याला कोणाचं नाव खुपलं त्यानं हरकत घ्यायची. मग चौकशी, सुनावणी आणि शेवटी पक्की यादी. मी आयुष्यभर नावं घातली आणि नावं कापली. घालताना कोणी आभार मानले नाहीत, कापताना मात्र शिव्या पोटभर खाल्ल्या.

कापण्यातली खरी अडचण सांगते. आमच्या झाडीपट्टीत घरच्या माणसाबद्दल "नाई" म्हणायची पद्धत नाही. चावडीवर नाव वाचलं की घरचं कोणीतरी "हाये" म्हणणार. पोरगा भिलाईला गेलेला असो, नवरा तुरुंगात असो, "हाये" ठरलेलं. एकदा एका म्हाताऱ्याचं नाव वाचलं आणि त्याची बायको पदर सावरत म्हणाली, "हायेत." शेजारीण कुजबुजली, "बाप्पा, त्याईले जाऊन दोन दिवाळ्या झाल्या." तलाठ्यानं विचारलं तर बाई त्याच्यावरच उखडल्या. "मंग काय चार लोकांत नाई म्हनू? माह्या तोंडून नाई म्हनवता?" आता करा काम! तलाठ्यानं हळूच पेन्सिलनं खूण केली आणि पुढचं नाव वाचलं. मृतांची नावं आम्ही अशीच कापली, कोणाला "नाई" म्हणायला न लावता.

आणि याच्या उलट. कुरखेड्याकडच्या एका टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, प्रगणक गुरुजी गेले ते नेमके तेंदूपत्त्याच्या दिवसांत. सगळा टोला पानं तोडायला जंगलात. गुरुजींनी दारादारांवर खडूनं "घर बंद" लिहिलं आणि परत आले. कच्च्या यादीत अख्खा टोला गायब! मला कळलं तेव्हा मी अशी काही भडकले की गुरुजी दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन माझ्यासोबत निघाले. आम्ही फळीवर, म्हणजे पानं मोजून घेतात त्या जागेवर, मोहाच्या झाडाखाली बसलो. बायका पानांचे पुडके टाकायला येत, मी त्यांची नावं लिहून घेई. घर बंद असलं म्हणून माणूस नाहीसा होत नाही, हे मी तिथे गुरुजींना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, फॉर्मात तसा रकाना नाही." खरं होतं त्यांचं. रकाना नव्हताच.

कायदा म्हणतो, यादीत नाव हवं तर माणूस त्या ठिकाणचा सर्वसाधारण रहिवासी हवा. नुसतं घर किंवा शेत असून चालत नाही. पण काही काळ बाहेर गेला म्हणून त्याचं राहणं संपतही नाही. आता काही काळ म्हणजे किती? ते कायद्यानं सांगितलेलं नाही. तिथेच सगळी गोम. तेंदूपत्त्याला गेलेला आठवड्यांनी येतो, नागपूरला गेलेला सणाला येतो. आणि समुद्रापार गेलेला?

गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, त्याच्यानंतरची ही गोष्ट. मी सावलीला नुकतीच नायब तहसीलदार झाले होते. बाईमाणूस जीपमधून उतरली की लोक तिच्या मागे साहेब शोधायचे, असा तो काळ. वैनगंगेच्या बाजूला धानाच्या बांध्यांमध्ये एक छोटं गाव, त्याला इथे कोसमटोला म्हणू. तिथली शालिनी खोब्रागडे, घरची शालू. चंद्रपूरला नर्सिंग शिकली, दवाखान्यात लागली आणि मग मुंबईच्या एजंटामार्फत मस्कतला गेली. त्या पंचक्रोशीतून विमानात बसलेली ती पहिली पोरगी. बाप वारलेला, घरी एकटी आई, भागाबाई. रोवणी, निंदण, कापणी, मिळेल ते काम करणारी.

यादीचं पुनर्निरीक्षण लागलं आणि नामदेवरावांची हरकत आली. नामदेवराव म्हणजे गावचं राजकारण चालवणारा माणूस. वाईट नव्हता, हिशेबी होता. ग्रामपंचायतीला हीच यादी वापरतात, आणि बुद्धविहाराकडच्या वस्तीची मतं त्याला मिळत नसत. म्हणून त्या वस्तीतले जे जे बाहेरगावी कामाला होते त्यांच्या नावांवर त्यानं हरकती टाकल्या. बाकीच्यांच्या लगेच निकाली निघाल्या, कारण ते सणासुदीला गावात दिसत. शालूची मात्र अडली. परदेश म्हटल्यावर तहसीलदार साहेबसुद्धा खुर्चीत सरळ बसले.

सुनावणीला भागाबाई आल्या त्या डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन. एसटीच्या कंडक्टरशी भांडून ती पेटी त्यांनी मांडीवर आणली होती. शिपाई अडवत होता, मी म्हटलं येऊ दे.

नामदेवराव शांतपणे बोलले. "साहेब, पोट्टी आमच्या गावची हाये, गुणाची हाये. पण ते खाते तिथी, झोपते तिथी, पगार तिथी. मंग रहिवासी कुठची? कायद्यानं सांगा."

साहेबांनी भागाबाईंकडे पाहिलं. "काय म्हणणं आहे बाई तुमचं?"

"झोपते तिथी साहेब," भागाबाई म्हणाल्या, "पन राह्यते इथी."

आणि त्यांनी साहेबांच्या टेबलासमोर खाली बसून पेटी उघडली. एक गोधडी काढली. शिकत असतानाचा पांढरा ड्रेस काढला. पितळी गडवा, म्हणजे तांब्या, काढला आणि त्याच्यावर कोरलेलं नाव बोटानं दाखवलं. "वाचा. शालिनी. जे पोट्टी सोडून जाते ते आपलं भांडं घेऊन जाते. लगन होऊन गेली असती तं हा गडवा माह्या घरी राह्यला असता काय? मले सांगा, तुमच्या घरी काय रीत हाये?"

साहेब हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. मी कागद पुढे ठेवले. नोकरीचा करार दोन वर्षांचा, मध्ये सुट्टीची अट, पासपोर्टवर पत्ता कोसमटोल्याचा, तिकडे ना घर ना संसार. साहेबांनी गडव्याची नोंदसुद्धा चौकशीत घ्यायला लावली. हरकत फेटाळली गेली. माझ्या नोकरीतला तो एकमेव निकाल, ज्यात पुरावा म्हणून पितळी भांडं आहे.

बाहेर व्हरांड्यात भागाबाईंनी मला थांबवलं. "बाई, नाव तं राह्यलं. आता तिचं मत कसं येईन?"

मी समजावलं. फौजेतल्या जवानांना पोस्टानं मतपत्रिका जाते. सरकारनं ज्यांना परदेशी नेमलं आहे, वकिलातीत वगैरे, त्यांनाही जाते. इतरांनी स्वतः केंद्रावर यायला हवं.

"माही पोट्टी बी चाकरीच करून राह्यली न?"

"सरकारची नाही करत ती, भागाबाई."

"मंग वकिलातीतला शिपाई सरकारचा, अन् आमी कोनाचे?"

 मला तर कायद्याचाच राग आला. वाळवंटातल्या दवाखान्यात रात्रंदिवस राबणारी पोरगी नागरिक नाही का? पण नायब तहसीलदाराच्या रागानं कायदा बदलत नाही. मी एवढंच म्हटलं, "तिला यायला सांगा."

काही महिन्यांनी विधानसभेची निवडणूक लागायची चिन्हं दिसू लागली, आणि मस्कतहून माझ्या नावानं पत्र आलं. अक्षर गोल, टपोरं. मतदानाची तारीख ठरली की कृपया कळवा, मी सुट्टी मागणार आहे. आणि खाली: आईला सांगू नका, सुट्टीचं पक्कं नाही, ती रोज एसटीच्या रस्त्यावर जाऊन बसेल. तारीख जाहीर झाल्याबरोबर मी परतीच्या टपालानं कळवली आणि भागाबाईंजवळ तोंड बंद ठेवलं. पोरीनं सांगितलेलं पाळायला हवं होतं, दुसरं काय करणार?

मतदानाच्या दिवशी माझ्याकडे बरीच केंद्रं होती, जीपमधून सगळीकडे फेरी मारायची. कोसमटोल्याचं केंद्र गावात नव्हतं, शेजारच्या मोठ्या गावच्या शाळेत होतं. केंद्राध्यक्ष बोरकर गुरुजी, दुसऱ्या तालुक्यातून आलेले, मऊ स्वभावाचे. दुपारी मी तिथे पोचले तेव्हा बायांची रांग ओसरली होती. मतदान करून झालेल्या बाया चिंचेखाली बसून सोबतिणींची वाट पाहत होत्या. मी गुरुजींजवळ बसून किती मतदान झालं ते लिहून घेत होते, तेवढ्यात एक पोरगी आत आली. धुळीनं भरलेली साडी, हातात सुटकेस. कोणाच्या तरी सायकलच्या मागे बसून फाट्यावरून आली होती. घरी गेलीच नव्हती, थेट इथे.

"मी शालिनी खोब्रागडे," ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाहून, "तुम्ही लोणारेबाई ना? आली मी."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी उठून तिच्या हातातली सुटकेस घेतली. पहिल्या मतदान अधिकाऱ्यानं यादीत बोट फिरवलं आणि थांबला.

"या नावावर मत पडलं आहे."

"असं कसं पडलं? मी तं आता आली."

यादीवर खूण होती. मतपत्रिकेच्या स्थळप्रतीवर, म्हणजे केंद्रात राहणाऱ्या अर्ध्या भागावर, अंगठा होता. नर्सबाईच्या नावापुढे अंगठा! गुरुजींचा चेहरा उतरला. नामदेवरावांच्या बाजूचा एजंट बाकावर बसला होता, तो ताडकन उठला. "बोगस! बोगस मतदान झालं! कोनं टाकलं ते काढा." दुसऱ्या बाजूचा एजंटही उठला आणि दोघं एकमेकांवर ओरडू लागले. मी टेबलावर हात आपटून दोघांना गप्प केलं.

गुरुजींनी यादीत आसपासची नावं पाहिली. शालूच्या वरचंच नाव भागाबाईंचं. त्याच्यावर खूण नव्हती. मी चिंचेखाली पाहिलं. भागाबाई तिथे होत्या. पोरगी सुटकेस घेऊन शाळेत शिरताना त्यांनी पाहिलं होतं आणि जागच्या उठून उभ्या राहिल्या होत्या. डावा हात पदराखाली होता.

मला सगळं कळलं. शालूलाही कळलं, माझ्या आधी. ती दारात गेली. "आई, हात दाखव."

"तू कवा आली वो? चिठ्ठी नाई, काई नाई..."

"आई, हात."

भागाबाईंनी हात काढला. बोटावर शाई होती. शालूचा आवाज चढला. "माह्यं मत तू टाकलं? काऊन टाकलं? मी तीन गाड्या बदलून येऊन राह्यली, सुट्टीसाठी मेट्रनच्या पाया पडली, अन् तू..."

"मले काय मालूम तू येऊन राह्यली म्हून!" भागाबाईही चिडल्या. "सांगतलं काय कोनी मले?" आणि मग एकदम त्यांचा आवाज खाली आला. "तुह्यं नाव कटत होतं बाई. मत नाई पडलं तं पुढच्या खेपी आपोआप कटते म्हने. मांग पेटी नेऊन दाखवली, आता काय दाखवू? म्हून तुह्यं टाकलं."

"अन् तुह्यं?"

"एका बोटानं एकच होते न. माह्यं राहू देलं."

 ज्या बाईनं नवऱ्याबरोबर केलेल्या पहिल्या मतदानापासून एकही मतदान चुकवलं नव्हतं, तिनं आपलं मत सोडलं होतं, पोरीचं नाव गावात राहावं म्हणून. आणि पोलिंगच्या लोकांना वय जुळत नाही हे दिसलं कसं नाही, असं कोणी विचारेल. अहो, त्या काळच्या यादीत आई पोरीपेक्षा लहान निघायची. वय पाहून कोणाला अडवायचं म्हटलं असतं तर अर्धं गाव घरी गेलं असतं.

एजंट मात्र ऐकेना. "तोतयेगिरी झाली. म्हातारीले पोलिसात द्या. मी लेखी तक्रार देतो." कायद्यानं त्याचं चूक नव्हतं. दुसऱ्याच्या नावानं मत देणं गुन्हा आहे, शिक्षा आहे. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं.  तक्रारीचा कागद एकदा टेबलावर आला असता, तर मला तो पुढे पाठवावाच लागला असता.

गलका ऐकून नामदेवराव फाटकाशी आले होते. नियमानं त्यांना लांब थांबायला हवं होतं, पण गेटवरचा होमगार्डही तमाशा पाहत होता. भागाबाईंनी त्यांना पाहिलं.

"नामदेवभाऊ, तुमीच तं सांगतलं होतं न मले त्या दिवशी तहसिलीत! का नाव राह्यलं तरी मत नाई पडलं तं कटते म्हून. आता तुमचा मानूस मले पोलिसात देऊन राह्यला."

 नामदेवरावांनी ते मुद्दाम सांगितलं होतं, चिडून सांगितलं होतं की त्यांना स्वतःलाच खरं वाटत होतं, मला आजही ठाऊक नाही. बऱ्याच जणांना तसं वाटे, शिकलेल्यांनाही. त्यांनी खाली पाहिलं, मग खिडकीशी येऊन आपल्या एजंटाला म्हणाले, "बस खाली."

"पन भाऊ..."

"बस म्हनलं न." आणि ते निघून गेले. लेखी तक्रार कोणी दिली नाही. तक्रार नाही तर पुढे काही नाही.

आता प्रश्न शालूचा. बोरकर गुरुजींना उपाय सुचला. मऊ माणसांना सोपे उपाय पटकन सुचतात. ते हळूच म्हणाले, "बेटा, आईचं नाव अजून रिकामं आहे. तुझं बोटही कोरं आहे. त्या नावावर तू टाकून दे. बाया दोन, मतं दोन, हिशेब बरोबर. कोणाचं काही बिघडत नाही."

एजंटसुद्धा होकाराची मान हलवायला लागला. खरं सांगते, क्षणभर मलाही ते बरं वाटलं. ती पोरगी इतक्या लांबून आलेली.

"नाई," शालू म्हणाली. "मी आईच्या नावानं मत टाकायले नाई आली."

"अगं पण..."

"गुरुजी, तिथी माह्यं काईच नाई. पासपोर्ट मालकाच्या कपाटात राह्यते, सुट्टीच्या वेळी मागून घ्यावा लागते. बाहेर जायचं तं इचारून जायचं. आमचे बाबा सांगत, गावात पाणी आपल्याले मागून भेटे, पन मत कोनाले मागून नाई घेतलं. माह्या नावानं भेटलं ते एवढंच हाये. ते मले माह्याच नावानं पायजे."

गुरुजी माझ्याकडे वळले. मी तिला सगळं स्पष्ट सांगितलं, काही लपवलं नाही. अशा वेळी कायद्यात एक सोय आहे. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल तर खऱ्या मतदाराला वेगळी मतपत्रिका मिळते. कागदावर तिला प्रदत्त मत म्हणतात, आम्ही आपसांत टेंडर वोट म्हणायचो. तिच्या मागे तसं लिहितात. ती पेटीत पडत नाही, केंद्राध्यक्ष ती वेगळ्या लिफाफ्यात ठेवून सील करतात. आणि मोजणीत ती धरत नाहीत. कोर्टात निवडणुकीचा खटला झाला तरच कदाचित उघडते.

"म्हणजे मोजणार नाई?"

"नाही."

"पन नाव माह्यं राह्यते त्याच्यावर? माह्या सहीनं?"

"यादीत तुझी सही घेतात."

"मंग द्या," ती म्हणाली.

गुरुजींनी तिचा पासपोर्ट पाहिला, चार प्रश्न विचारले, सही घेतली, बोटाला शाई लावली. ती पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली आणि चांगला वेळ तिथे उभी राहिली. मोजलं न जाणारं मत देताना लोक इतका वेळ घेतात हे मला माहीत नव्हतं, कारण असं मत देणारं मी दुसरं कोणी पाहिलंच नव्हतं. बाहेर आल्यावर सवयीनं तिचा हात पेटीकडे गेला. गुरुजींनी लिफाफा पुढे केला. "इथे बेटा." तिनं पेटीकडे एकदा पाहिलं आणि घडी लिफाफ्यात टाकली. डोळे भरून आले होते, पण रडली नाही. मी मात्र खिडकीकडे तोंड केलं.

बाहेर भागाबाई तिची वाट पाहत होत्या. पोरीच्या बोटावरची शाई पाहिली आणि म्हणाल्या, "तुह्ये दोन झाले अन् माह्यं एकबी नाई."

शालू हसली, मग आईच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. "पुढच्या खेपी मी येवो न येवो, तू तुह्यंच टाकशीन. वचन दे."

"नाव कटलं तं?"

"नाई कटत, भागाबाई," मी म्हटलं. "मत न दिल्यानं नाव कापतात असा नियम नाही. मी सांगते ना."

त्यांनी माझ्याकडे अविश्वासानं पाहिलं. "तुमी सरकारचे मानसं. तुमी तसंच म्हनान." पण पोरीला वचन दिलं.

त्याच्या पुढची निवडणूक आली तेव्हा शालूला सुट्टी मिळाली नाही. मी सावलीलाच होते. निकाल लागले, गडबड निवली, आणि एका सकाळी भागाबाई तहसीलमध्ये माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तर बसेनात.

"मी माह्यं टाकलं," त्या म्हणाल्या. "तिचं नाई टाकलं. आता यादी दाखवा."

तेव्हा नवी यादी तयार होत होती. मी कोसमटोल्याचं पान काढलं आणि शालिनीच्या नावावर बोट ठेवलं. वाचता येत नव्हतं, पण त्यांनी माझ्या बोटाजवळ आपलं बोट टेकवलं. "हेच काय?"

"हेच. शालिनी खोब्रागडे."

"न टाकता बी राह्यलं?"

"राहिलं. तेव्हाही राहिलं असतं."

आता त्या बाकावर बसल्या.  मग म्हणाल्या, "म्हंजे त्या खेपी माह्यं फुकटच गेलं."

मी पाणी मागवलं.  आयुष्यभर लोकांना नियम समजावून सांगितले, पण त्या दिवशी तो नियम खरा निघाल्याचा मला कधी नव्हे इतका त्रास झाला. त्या पाणी प्यायल्या आणि पदरानं तोंड पुसून उठल्या.

"बाई, पोट्टीले चिठ्ठी लिवा. तुमचं अक्षर तिले वाचता येते. लिवा का नाव हाये, मी सोता पाह्यलं म्हना. अन् मी माह्यं टाकलं तेबी लिवा." दारापर्यंत गेल्या आणि परत वळल्या. "फुकट गेलं ते मात्र लिवू नका. तिले लय लागंल."

मी त्याच दुपारी पत्र लिहिलं. त्यांनी सांगितलं होतं तेवढंच लिहिलं.